सोसायटीचा रंग: भिंत, वर्गणी आणि मत

सदनिकेतल्या भिंतीची आतली बाजू घरमालकाच्या आवडीने रंगते. त्याच भिंतीची बाहेरची बाजू त्याच्या एकट्याची नसते. सहा किंवा नऊ इंचांच्या विटकामाला असे दोन धनी असतात आणि इमारतीच्या बाह्यरंगावरून होणारे बहुतेक वाद याच जागी सुरू होतात. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न फार अवघड नाही. मात्र वीस वर्षे कर्जाचे हप्ते भरलेल्या माणसाला आपल्याच बेडरूमच्या भिंतीबाबत आपल्याला फक्त एक मत आहे, हे पचायला वेळ लागतो.

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. या पद्धतीचा पाया मुंबईत १९१५ साली गावदेवीच्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेने घातला. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्या प्रयत्नाचे सूत्रधार होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालचे १९६१ चे नियम आज या संस्थांना लागू आहेत. २०१९ मध्ये अधिनियमात गृहनिर्माण संस्थांपुरते १३-ब हे स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. रोजचा कारभार चालतो तो उपविधींवर. शासनाने तयार केलेल्या नमुना उपविधींत संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. अंतर्गत रस्ते, कुंपणभिंत, पाण्याच्या टाक्या, जिने, गच्ची यांच्या बरोबरीने इमारतीच्या बाहेरच्या भिंती त्या यादीत येतात. यादीत न बसणारी सदनिकेतली कामे सभासदाने करायची. कोणती शेड लावावी, याबद्दल अर्थातच उपविधी काही सांगत नाहीत. ते ठरवायचे सर्वसाधारण सभेने.

पुण्यात, आणि इतर शहरांतही, ज्यांना लोक बोलताना सोसायटी म्हणतात अशा कित्येक वसाहती सोसायट्या नसून कंडोमिनियम असतात. त्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली येतात. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अपार्टमेंटच्या मालकीसाठी जो नमुना कायदा तयार झाला, त्याच्याशी या अधिनियमाची भाषा खूप मिळतीजुळती आहे. इथे अपार्टमेंट मालकाच्या स्वतंत्र मालकीचे असते. पाया, खांब, मुख्य भिंती, छत, जिने ही सामाईक क्षेत्रे, आणि त्यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. हा हिस्सा घोषणापत्रात, म्हणजे लोक ज्याला डीड ऑफ डिक्लरेशन म्हणतात त्यात, टक्क्यांनी नोंदलेला असतो. बाहेरची भिंत दोन्ही व्यवस्थांत सामाईकच राहते. फरक पडतो तो मताच्या वजनात. सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत, मग त्याचा फ्लॅट केवढाही असो. कंडोमिनियममध्ये मत हिश्श्याच्या टक्क्यांनी मोजले जाते, म्हणून मोठ्या अपार्टमेंटचा मालक तिथे अधिक जड ठरतो. सभेत हात वर करून मोजणी करणाऱ्या असोसिएशनला हा भेद कित्येकदा ठाऊक नसतो. निर्णय आपल्या विरुद्ध गेला की ज्याला तो ठाऊक आहे तो घोषणापत्र काढून बसतो.

पैशाचा हिशेब या भेदाला आणखी धार आणतो. नमुना उपविधींप्रमाणे सहकारी संस्था दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी घेते. त्यात भागले नाही, आणि रंगकामाच्या वेळी बहुधा भागत नाही, तर मोठ्या दुरुस्तीचा निधी गोळा करायचा. तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात. समजा एका संस्थेत साडेचारशे आणि अकराशे चौरस फुटांचे फ्लॅट आहेत. अकराशेवाला जवळजवळ अडीचपट पैसे भरतो, पण सभेत त्याचा हात एकच. पैसे क्षेत्रफळावर, मत डोक्यावर. ‘आम्ही जास्त भरतो, तर शेड आम्ही सांगू’ हे वाक्य कोणी सभेत उघड बोलत नाही, पण पार्किंगमध्ये उभ्याने चालणाऱ्या बोलण्यात ते येतेच. दुसऱ्या बाजूला तळमजल्यावरचे सभासद विचारतात की सहाव्या मजल्याच्या परांचीचा खर्च आम्ही का द्यायचा. त्यांना उपविधींतून मिळणारे उत्तर सरळ आहे: भिंत संस्थेची, म्हणून खर्च सर्वांचा.

सभेचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी सभासदांच्या हाती पडली पाहिजे. विशेष सभेला पाच दिवसांची सूचना पुरते, पण तिथे विषयपत्रिकेवर नसलेला विषय निर्णयाला घेता येत नाही. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे शंभर सभासदांच्या संस्थेत वीस जण आले की सभा वैध, आणि त्यांतल्या अकरांनी हात वर केला की साऱ्या इमारतीचा रंग ठरला. पुरेसे लोक आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचीही गरज उरत नाही. उरलेल्या ऐंशींना हा निर्णय कळतो तो परांची बांधली जाताना. तोपर्यंत इतिवृत्त मंजूर झालेले असते आणि ठेकेदाराला आगाऊ रक्कमही गेलेली असते. त्यांची तक्रार कायद्यात बसत नसली तरी खोटी नसते. सहकारी संस्थेत प्रॉक्सी मत चालत नाही, त्यामुळे परदेशात राहणाऱ्या सभासदाचा आवाज सभेत पोहोचत नाही. भाडेकरू त्या भिंतीकडे रोज पाहतो, पण त्याला मतच नाही.

वाद खऱ्या अर्थाने पेटतो तो शेडकार्डावरून. दोन बोटांच्या कागदी तुकड्यावर जो रंग सौम्य, समजूतदार वाटतो तोच सात मजल्यांच्या भिंतीवर अंगावर येतो. याला कारणे आहेत आणि ती कोणाच्या रुचीशी निगडित नाहीत. रंगाचे क्षेत्र वाढले की डोळ्याला तो अधिक उजळ आणि अधिक भडक भासतो. रंगाच्या व्यवसायात हा अनुभव इतका नेहमीचा आहे की जाणकार वास्तुविशारद शेडकार्डावर जी शेड आवडली तिच्याहून एक पायरी फिकी किंवा मळकी शेड सुचवतो. दुसरे कारण प्रकाशाचे. सभा रात्री साडेआठला ट्यूबलाइटखाली भरते, भिंत दुपारी बाराच्या उन्हात उभी राहते. एका प्रकाशात सारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात, कारण रंगद्रव्ये कोणत्या लहरी परत पाठवतात आणि दिव्यात कोणत्या लहरी आहेत, या दोन्हींवर दिसणारा रंग अवलंबून असतो. तिसरे कारण शेजारचे. गुलमोहराच्या हिरव्या छायेत फिका पिवळा लिंबासारखी झाक मारतो. तोच पिवळा लाल विटांच्या इमारतीशेजारी मलूल होतो. शिवाय भिंत ओली असताना गडद दिसते, म्हणजे कोकणपट्टीत वर्षाचे चार महिने ती सभेत मंजूर झालेल्या रंगाची नसतेच.

म्हणून शेडकार्डावर मतदान घेणे ही बहुतेक समित्यांची मूळ चूक म्हणायला हवी. निदान एक मीटर लांबी-रुंदीचे पॅच प्रत्यक्ष भिंतीवर, एक उन्हाच्या बाजूला आणि एक सावलीच्या, पूर्ण दोन हात मारून द्यावेत आणि आठवडाभर लोकांना जाता-येता पाहू द्यावेत. पॅचखाली जुना रंग तसाच असेल तर तो नव्यातून डोकावतो, तेव्हा आधी प्रायमर हवा. खर्च नगण्य आहे. तरी हे क्वचितच होते, कारण पॅच दिसले की आठवडाभर प्रत्येक जण जिन्यात अध्यक्षांना गाठतो आणि समितीला तेच टाळायचे असते.

रंग निवडण्याचे स्वातंत्र्य फार जुने नाही. पूर्वी बाहेरच्या भिंतीला चुना लागायचा, त्यात पांढरेपणा खुलावा म्हणून नीळ, नाहीतर गेरू किंवा पिवळी माती. चुना आणि सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतात. त्यांच्या संगतीत टिकतील अशी रंगद्रव्ये थोडी, आणि त्यांत लोहाच्या ऑक्साइडांतून मिळणारे पिवळे, तांबडे, तपकिरी हेच भरवशाचे. पुढे सिमेंट पेंट आला. ‘स्नोसेम’ हे एका छापाचे नाव इतके रुळले की सगळ्याच सिमेंट पेंटला लोक स्नोसेम म्हणू लागले. तो लावण्याआधी भिंत भिजवावी लागे, लावल्यावर पाणी मारून तराई करावी लागे, आणि त्याच्या शेड मोजक्याच मिळत. मुंबई-पुण्यातल्या १९६० ते १९९० दरम्यानच्या इमारती क्रीम, फिकी गुलाबी, फिकी पिवळी अशा एकाच कुटुंबातल्या दिसतात, त्यात पिढीच्या आवडीइतकाच या रसायनाचा हात आहे. अॅक्रिलिक इमल्शन आले आणि दुकानादुकानांत शेड मिसळणारी यंत्रे बसली तेव्हा निवड आठ-दहांवरून हजारांवर गेली. सोसायट्यांमधले रंगाचे भांडण त्या यंत्रांबरोबर वाढले, असे म्हणायला हरकत नाही. जेव्हा दुकानात चारच डबे होते तेव्हा भांडायला फारसे काही नव्हते.

हजारांतले सगळे रंग सारखे टिकत नाहीत, ही गोष्ट मात्र सभेत क्वचित सांगितली जाते. लोह-ऑक्साइडांचे पिवळे आणि तांबडे उन्हात वर्षानुवर्षे तग धरतात. भडक लिंबी, केशरी, जांभळा यांतली बरीच रंगद्रव्ये सेंद्रिय असतात आणि अतिनील किरणांनी त्यांतली कित्येक फिकट होत जातात. पश्चिमेची भिंत आधी, उत्तरेची नंतर. तीन-चार वर्षांत एकाच इमारतीच्या दोन बाजू दोन शेडच्या वाटतात. गडद शेड महागही पडते, कारण तिच्यासाठी बेस वेगळा लागतो आणि रंगद्रव्य जास्त जाते. निविदेत ‘इमल्शनचे दोन हात, समितीने निवडलेल्या शेडमध्ये’ एवढेच लिहिलेले असले आणि नंतर सभेने गडद विटकरी मंजूर केला, तर फरकाची रक्कम कोणी द्यायची यावर ठेकेदाराशी नवाच वाद सुरू होतो. रंग कंपन्यांच्या वॉरंटीतही अटी असतात: ठरवून दिलेला प्रायमर, ठरलेले हात, भिंतीतला ओलावा मर्यादेत. त्या पाळल्याची नोंद नसेल तर वॉरंटीचा कागद फाइलमध्येच राहतो.

हवामान प्रत्येक रंगाला आपल्या परीने शिक्षा करते. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या सरी दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींवर आपटतात. छज्ज्याच्या कडेखाली पाणी तोडणारी खाच नसेल तर काळे ओघळ उतरतात, आणि ते सर्वांत ठळक दिसतात पांढऱ्यावर. सावलीच्या बाजूला शेवाळ धरते. तेही फिक्या रंगावर उठून दिसते. गडद रंगावर शेवाळ लपते, पण भिंतीतले क्षार ओलाव्याबरोबर बाहेर येऊन जो लोणा फुटतो त्याचे पांढरे चट्टे तिथे लपत नाहीत. नागपूर-चंद्रपूरकडे पाऊस तुलनेने कमी आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर. तिथे प्रश्न उष्णतेचा: चांगला पांढरा रंग अंगावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातला बराच मोठा भाग परत पाठवतो, गडद करडा त्यातला बहुतेक शोषून घेतो, आणि पश्चिमेच्या खोलीत राहणाऱ्याला तो फरक संध्याकाळी जाणवतो. ‘करडा मॉडर्न दिसतो’ असे म्हणणारा सभासद पूर्वेच्या बाजूला राहतो का, हे विचारून घ्यावे.

शिवाय रंग ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. काँक्रीटमधल्या सळ्या गंजल्या की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, वरचे काँक्रीट फुगते, तडकते आणि पडते. समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. नमुना उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. त्या अहवालात प्लास्टर ठोकून पोकळ जागा शोधणे, भेगा भरणे, पॉलिमर मॉर्टरने पॅच मारणे अशी कामे निघतात, आणि ती रंगाच्या आधी उरकायची असतात. नवे प्लास्टर निदान चार आठवडे वाळल्याशिवाय त्यावर इमल्शन दिले तर अल्कधर्मामुळे रंग जागोजाग भाजल्यासारखा डागाळतो. वार्षिक सभा सप्टेंबरात, पाऊस सरतो ऑक्टोबरात, काम संपवायचे मेअखेर. शेडवर दोन महिने भांडत बसलेली संस्था हा हंगाम गमावते, मग प्लास्टर वाळवण्याचे दिवस कापते. रंग कोणताही असो, तो पुढच्या पावसात सुटतो आणि दोष शेड सुचवणाऱ्याच्या माथी येतो.

आवडीनिवडीच्या बाजूला काही गोष्टी बोलल्या जातात, काही जात नाहीत. वास्तुशास्त्राप्रमाणे दिशेनुसार रंग हवा, असा आग्रह उघडपणे मांडला जातो, मात्र चार दिशांना तोंड असलेल्या एका इमारतीला तो लागू कसा करायचा हे सांगणे त्याच्या समर्थकांनाही जड जाते. भगवा, निळा, हिरवा हे रंग महाराष्ट्रात केवळ रंग नाहीत. त्यांच्याशी पक्ष, समाज, श्रद्धा जोडलेल्या आहेत. कोणी स्पष्ट हरकत घेत नाही, पण यादीतून ते हळूच गळतात. विक्रीची किंमत हा आणखी एक धागा: लवकरच फ्लॅट विकायचा आहे त्याला नव्या टॉवरांसारखा करडा-पांढरा हवा असतो, जन्मभर राहणाऱ्याला ओळखीचा पिवळाच बरा वाटतो. अशा गाळणीतून शेवटी जो उरतो तो क्रीम, बरोबर तपकिरी पट्टा. त्याच्यावर प्रेम असलेला माणूस सापडणे कठीण, पण त्याच्यामुळे राजीनामा देणाराही कोणी नसतो.

यामागे मतमोजणीचा एक जुना पेच आहे. समजा साठ जणांपुढे तीन शेड ठेवल्या आणि मते पडली चोवीस, वीस आणि सोळा. चोवीसवाली जिंकली, पण छत्तीस जणांनी तिला मत दिलेले नाही. त्यांतल्या बहुतेकांची ती शेवटची पसंती असेल, तर जोडीजोडीने लढत लावली असता ती दोघींपुढेही हरली असती. फ्रेंच गणिती कोंडॉर्से याने १७८५ मध्ये आणखी विचित्र शक्यता दाखवली: बहुमताला क्रीम करड्यापेक्षा बरा वाटतो, करडा विटकरीपेक्षा, आणि विटकरी पुन्हा क्रीमपेक्षा, असे एकाच सभेत घडू शकते. तेव्हा विजेता ठरतो तो कोणती जोडी आधी मताला टाकली यावरून, म्हणजे प्रत्यक्षात सभा चालवणाऱ्याच्या हातून. दोन फेऱ्यांचे मतदान हा पेच पुरता सोडवत नाही, पण पहिल्या फेरीत नको असलेली शेड खोडायला आणि दुसऱ्या फेरीत उरलेल्या दोघींतून निवडायला सांगितले तर छत्तीस नाराजांचा प्रसंग टळतो. मात्र नको ते खोडण्याच्या या पद्धतीने क्रीमचे पारडे आणखी जड होते, हेही मान्य केले पाहिजे.

दक्षिण मुंबईतल्या काही इमारतींत सभेखेरीज आणखी एक आवाज असतो. मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियमावली १९९५ मध्ये आली. यादीतील वास्तूचे किंवा वारसा परिसरातील इमारतीचे बाह्यरूप बदलायचे तर महापालिका वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेते. ओव्हल मैदानाभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंचा समूह, मरीन ड्राइव्हच्या काही इमारतींसह, २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आर्ट डेको इमारतीचे सौंदर्य आडव्या पट्ट्यांत, गोलाई दिलेल्या बाल्कन्यांत आणि खिडक्यांवरच्या पातळ छज्ज्यांत असते. ते पट्टे वेगळ्या रंगाने उठवलेले असतात. साफसूफ दिसावे म्हणून अशी इमारत एकाच शेडमध्ये बुडवली की नक्षी भिंतीत विरून जाते. इथे कोणता रंग यापेक्षा किती रंग आणि कुठे, हा प्रश्न मोठा ठरतो, आणि तो बहुमताने सोडवण्यासारखा नाही.

सबंध इमारतीचा रंग ठरल्यावरही एकेकाची कुरबूर उरते. बाल्कनीची आतली भिंत सदनिकेत धरायची की बाहेरच्या रूपात? ती रस्त्यावरून दिसते, पण तिच्याशी टेकून बसतो घरातला माणूस. खिडकीचे ग्रिल कोणी काळे करतो, कोणी चंदेरी. कोणी बाल्कनी बंद करून तिला अॅल्युमिनियमची खिडकी बसवतो. तळमजल्यावरचा दुकानदार आपल्या पाटीमागची भिंत दुकानाच्या रंगात रंगवून मोकळा होतो. नमुना उपविधींत सदनिकेत भर घालायला किंवा फेरफार करायला समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. अपार्टमेंट अधिनियमाखालच्या नमुना उपविधींत रचनेतल्या बदलासाठी असोसिएशनला लेखी कळवायचे असते, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर हरकत नाही असे समजले जाते. सुस्त कार्यकारिणीला ही तीस दिवसांची अट महागात पडते. शहाण्या संस्था ग्रिलचा, खिडकीच्या चौकटीचा, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जागेचा ठरावही इमारतीच्या शेडबरोबरच करून ठेवतात. बंगल्यांच्या प्लॉटधारक सोसायट्यांत मात्र भिंत ज्याची त्याची असते, तिथे उपविधींत वेगळे कलम घातलेले नसेल तर शेजाऱ्याचा जांभळा बंगला सहन करण्यावाचून इलाज नाही.

निर्णय मान्य नसलेला सभासद काय करू शकतो? रंग आवडला नाही म्हणून वर्गणी अडवणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग. थकबाकी व्याजासह चढते, आणि तिच्या वसुलीसाठी संस्थेला निबंधकाकडून वसुली दाखला मिळवता येतो. पूर्वी हे कलम १०१ खाली चाले, आता गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ब-२९ आहे. सभेची सूचना नियमाप्रमाणे मिळाली नाही, गणपूर्ती नव्हती, विषय पत्रिकेवर नव्हता, इतिवृत्त चुकीचे लिहिले, या हरकतींत मात्र दम असतो, आणि कलम ९१ खाली सहकारी न्यायालयात त्या मांडता येतात. सर्वोच्च न्यायालयाने दमन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९८५ च्या निकालात म्हटले की सहकारी संस्थेचा सभासद झालेल्या व्यक्तीला संस्थेच्या संदर्भात स्वतंत्र अस्तित्व राहत नाही. कायदा आणि उपविधी देतील तेवढेच हक्क तिला असतात. एखादी शेड कुरूप आहे, या युक्तिवादाला त्या चौकटीत जागा मिळणे अवघड. रंगाचे खटले म्हणूनच रंगाविषयी नसतात. ते सूचनेच्या तारखांविषयी असतात.

सामाईक करार नसलेल्या ठिकाणी चित्र उलटे दिसते. लंडनच्या केन्सिंग्टन भागात एका घराच्या दर्शनी भागावर २०१५ साली लाल-पांढरे उभे पट्टे मारले गेले. शेजारी भडकले आणि स्थानिक कौन्सिलने परिसराच्या सुखसोयींना बाधा येते म्हणून पट्टे काढण्याची नोटीस दिली. खालच्या न्यायालयांनी ती उचलून धरली, पण २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने मालकाच्या बाजूने कौल दिला: पडझडीसाठी केलेले कलम सौंदर्याच्या मतभेदासाठी वापरता येत नाही. अमेरिकेत असा प्रसंग सहसा येत नाही, कारण तिथल्या वसाहतींत घर घेतानाच खरेदीखतासोबत बंधनांचा लांबलचक दस्त येतो आणि आर्किटेक्चरल कमिटी मान्य शेडची यादी बाळगते. कॅलिफोर्नियात १९८५ च्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्याने अशा कमिट्यांवर अट घातली आहे की अर्जावरचा निर्णय न्याय्य पद्धतीने आणि लेखी द्यावा, नाकारल्यास कारण सांगावे. महाराष्ट्रातल्या उपविधींत मान्य शेडची यादी जोडता येणार नाही असे काही नाही. ती जोडण्याची सवय मात्र लागलेली नाही.

इमारत रंगून झाल्यावर सर्वांत उपयोगी कागद म्हणजे शेडची नोंद: कंपनी, उत्पादन, शेड क्रमांक, बेस, बॅच, कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूला किती हात. ही नोंद इतिवृत्तात घालायला समित्या विसरतात. मग चार वर्षांनी एखाद्या गळतीसाठी पाइपलगतचे प्लास्टर फोडावे लागते आणि त्या जागी लावलेला रंग, त्याच क्रमांकाचा असूनही, ठिगळासारखा दिसतो, कारण जुनी भिंत तोवर उन्हाने उतरलेली असते. तेवढ्यासाठी पूर्ण बाजू पुन्हा रंगवावी की ठिगळ चालवून घ्यावे, यावर पुढची सभा भरते. रंगारी यातून मार्ग काढतात तो असा की पॅच भिंतीच्या मधोमध न थांबवता जवळच्या कोपऱ्यापर्यंत किंवा पट्ट्यापर्यंत न्यायचा. दोन पातळ्यांवरचा फरक डोळा ऊन-सावलीचा म्हणून सोडून देतो. पण अशा कामाला मूळच्या अंदाजात तरतूद लागते, आणि खजिनदाराने ती आधी विचारलेली असावी लागते.